मुलांच्या रक्तातील शिसे आणि कामगार संघटनेचे कर्तव्य

(नवी दिल्ली येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगार कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण चार कामगार एकत्र जमलो की महागाई भत्ता, पेन्शन, बढती आणि बदली हे विषय निघतात. ते निघालेच पाहिजेत. परंतु आज संयोजकांनी आपल्याला मुद्दाम बायका-मुलांसह बोलावले आहे आणि मला विषय दिला आहे, मुलांचे आरोग्य आणि प्रदूषण.

दिल्लीत राहणाऱ्या माणसाला प्रदूषण म्हटले की धूर आठवतो. नोव्हेंबर उजाडला की समोरचा सिग्नल दिसेनासा होतो, शाळा बंद ठेवाव्या लागतात, घराघरात खोकला सुरू होतो. २००२ ते २००५ या काळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिल्लीच्या ३६ शाळांतील ११,६२८ मुले तपासली. त्यांच्या फुप्फुसांची ताकद खेड्यातल्या मुलांच्या मानाने कमी भरली. धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज जे दिसत नाही, ज्याला वास नाही आणि ज्याचा आपल्या नोकरीशी फार जवळचा संबंध आहे, त्या विषाविषयी बोलणार आहे. ते विष म्हणजे शिसे.

मी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलो. मालगाडीच्या वॅगनच्या दाराला तेव्हा शिशाचे सील असे. माल उतरला की तुटलेली सीले यार्डात पडत. आम्ही पोरे ती खिसे भरभरून गोळा करायचो. डब्याच्या झाकणात घालून चुलीवर वितळवायचो आणि मातीत केलेल्या खळग्यात ओतायचो. चकचकीत गोळे तयार व्हायचे. उरलेले भंगारवाल्याला विकून शेंगदाणे खायचो, हात न धुता. आई रागवायची, पण ती रुळांवर गेलो म्हणून. शिसे वितळवले म्हणून कोणी कधी रागावले नाही, कारण ते विष आहे हे वसाहतीत कोणाला ठाऊकच नव्हते.

पुढे मी ट्रेन लायटिंगमध्ये लागलो आणि बदली होऊन उत्तरेत आलो. आपल्यापैकी जे त्या कामात होते त्यांना सांगायला नको. डब्याखालच्या बॅटरीच्या पेट्या उतरवायच्या, पाणी भरायचे, जुन्या सेलच्या तळाशी साचलेला राखाडी गाळ काढायचा, प्लेटांचे सांधे शिसे वितळवून जोडायचे. ज्या डेपोत माझी सर्वांत जास्त वर्षे गेली, तिथे कपडे बदलायला खोली नव्हती आणि महिन्याचा साबण दोन महिन्यांनी मिळे. ज्या कपड्यांत काम केले त्याच कपड्यांत मी घरी जात असे. माझा धाकटा मुलगा तेव्हा रांगत होता. दार वाजले की तो येऊन माझ्या पायाला मिठी मारी आणि मी त्याला तसाच उचलून घेई.

त्याला बोलायला उशीर झाला. शाळेत गेल्यावर बाई म्हणत, मुलगा वाईट नाही, पण एका जागी बसत नाही, सांगितलेले ध्यानात राहत नाही. आम्ही त्याला रागवलो, मारलेही. ते शिशामुळे झाले असे मी आपल्याला सांगणार नाही, कारण मला ते माहीत नाही. मुलांच्या अशा अडचणींना अनेक कारणे असतात. माझे दुःख निराळे आहे. त्याचे रक्त कधी तपासलेच गेले नाही. मला सुचले नाही, डॉक्टरांना सुचले नाही, आमच्या शाखेलाही सुचले नाही. आणि त्या शाखेचा चिटणीस मीच होतो.

म्हणून आज हे भाषण आहे. उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. जे मी केले नाही ते आपण करावे, एवढेच सांगण्यासाठी उभा आहे.

शिसे कुठे असते?

आपल्या मराठी घरात शिसे फार जुने आहे. मारुतीला आपण जो शेंदूर लावतो तो मुळात शिशाचाच एक प्रकार आहे. रेल्वेच्या पुलाच्या गर्डरवर गंज लागू नये म्हणून जो शेंदरी रंगाचा पहिला हात पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, त्यालाही रेड लेड म्हणतात. वस्तू एकच. म्हणजे देवळातला गुरव आणि पुलावरचा रंगारी एकाच पदार्थाने हात माखतात. देवाला लावा, पण लावलेला हात मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका, एवढेच माझे म्हणणे.

याशिवाय शिसे बॅटरीत असते. तार जोडण्याच्या सोल्डरमध्ये असते, म्हणजे आपल्या सिग्नल आणि टेलिकॉमच्या बंधूंच्या हाताखाली असते. जुन्या छापखान्याच्या खिळ्यांत ते होते. पिवळ्या, नारिंगी आणि लाल तैलरंगात ते सर्वांत जास्त सापडत आले, कारण त्या झळाळीसाठी शिशाचा क्रोमेट वापरला जाई.

मुलालाच जास्त धोका का?

आता कोणी विचारील की आम्ही आयुष्यभर शिशात हात घातले, आम्हाला काय झाले? पहिली गोष्ट अशी की आपल्यालाही होते. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात, पोटात कळा येतात, हाताची पकड ढिली पडते. परंतु मुलाची गोष्ट वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की तेवढेच शिसे पोटात गेले तर लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शरीरात शोषून घेते. मूल रांगते, जमिनीवरची धूळ हाताला लागते आणि हात तोंडात जातो. शरीर शिशाला कॅल्शियम समजते आणि हाडांत व दातांत साठवून ठेवते. पुढे मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतले ते शिसे रक्तात उतरते आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. एका पिढीचे विष दुसऱ्या पिढीला असे मिळते.

ज्या मुलाच्या अंगात लोह कमी, त्याच्या अंगात शिसे जास्त शिरते. आपल्या देशात २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयाची आढळली. म्हणजे गरिबाच्या मुलासाठी हे विष दुप्पट उघड्या दाराने येते.

सर्वांत मोठा घाव मेंदूवर होतो. १९७९ मध्ये अमेरिकेत डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळांतील मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. आपण जे दात कौलावर फेकतो, तेच. त्या दातांतले शिसे त्यांनी मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धीच्या चाचणीत मागे होती आणि वर्गात त्यांचे लक्ष लागत नव्हते. आणि ही मुले आजारी दिसत नव्हती. ती हसत होती, खेळत होती. फक्त अभ्यासात मागे पडत होती आणि त्याबद्दल बोलणी खात होती.

म्हणूनच धोक्याची रेषा सारखी खाली येत गेली. एक डेसिलिटर, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाएवढ्या रक्तात किती मायक्रोग्रॅम शिसे आहे, यावर ती मोजतात. अमेरिकेत ही रेषा १९९१ मध्ये १० होती, २०१२ मध्ये ५ झाली, २०२१ मध्ये साडेतीनवर आली. जागतिक आरोग्य संघटना तर स्पष्ट सांगते की शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाहीच. रक्तात शिसे फार चढले तर ते उतरवण्याचे औषध आहे, पण मेंदूचे झालेले नुकसान भरून आणणारे औषध नाही. इथे उपचार म्हणजे आधीच अडवणे.

२०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी अंदाज प्रसिद्ध केला. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात ५ किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतात आहेत.

आधी कामगार, मग मूल

बंधू-भगिनींनो, या विषाचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे विष मुलाला लागते, ते त्याआधी कुठल्या तरी कामगाराला लागलेले असते. कामगाराकडे दुर्लक्ष झाले की वीस-तीस वर्षांनी ते मुलांत सापडते.

रंगाचे पाहा. रंगारी लोकांना पोटशूळ होतो, हात लुळे पडतात, हे युरोपात फार पूर्वीपासून माहीत होते. १९०४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी दाखवून दिले की तिथली मुले आजारी पडतात ती घराच्या व्हरांड्याच्या कठड्यावरील शिशाच्या रंगामुळे. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनिव्हात करार केला, क्रमांक १३. इमारतींच्या आतील रंगकामात पांढरे शिसे वापरू नये, असे त्यात ठरले. मात्र त्या करारातच एक पळवाट ठेवली होती. रेल्वे स्टेशने आणि औद्योगिक आस्थापना यांच्यासाठी गरज वाटल्यास शिशाचा रंग चालेल! म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जगाने शिसे नको म्हटले, तेव्हाही रेल्वे कामगाराला त्यातून वगळण्याची सोय करून ठेवली होती. आपण हे विसरता कामा नये.

पेट्रोलचे तसेच. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत असे आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की इंजिनातली खडखड थांबते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग तयार करणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण दगावले. इशारा यापेक्षा मोठा कोणता हवा? पण धंदा थांबला नाही. पुढची पन्नास-साठ वर्षे जगातल्या प्रत्येक शहराच्या रस्त्यावर मोटारींच्या नळीतून ते शिसे बाहेर पडत राहिले.

ते दिल्लीतही पडत होते. ज्या टपाल कामगाराने सायकलवर थैली अडकवून ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात आयटीओ किंवा करोल बागेत बटवडा केला, त्याने ते दिवसभर छातीत घेतले. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिल्ली आणि मुंबई येथील लहान मुलांचे रक्त तपासले होते. पुढे त्यातील तीन वर्षांखालील १,०८१ मुलांच्या नोंदींचा अभ्यास झाला. शंभरातल्या ७६ मुलांच्या रक्तात ५ ते २० च्या दरम्यान शिसे निघाले. ही मुले कुठल्या कारखान्यात गेली नव्हती. ती आपल्या आईच्या कडेवर होती.

मग हे थांबले कसे? वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या हवेसंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. सप्टेंबर १९९८ पासून दिल्लीत फक्त शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशात. परिणाम काय झाला? मुंबईत १९९७ मध्ये तपासलेल्या मुलांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात शिसे १० च्या वर होते. पेट्रोल बदलल्यानंतर २००२ मध्ये केलेल्या तपासणीत हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. त्याने २०२१ मध्ये शिशाचे पेट्रोल बंद केले.

यातून घ्यायचा धडा असा. पोस्टमनने नाकाला कितीही घट्ट रुमाल बांधला असता आणि आईने मुलाचे हात कितीही वेळा धुतले असते, तरी ते आकडे एवढे खाली आले नसते. पेट्रोल बदलले म्हणून ते खाली आले आणि कोणीतरी हट्टाने दार ठोठावत राहिले म्हणून पेट्रोल बदलले. घरची काळजी आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. जे विष व्यवस्थेतून येते ते व्यवस्थेतूनच काढावे लागते. आणि व्यवस्थेशी बोलण्यासाठीच आपण संघटना बांधली आहे.

आता शिसे कुठे उरले आहे?

पेट्रोल गेले म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिली जागा रंग. भारत सरकारचा रंगांतील शिशाविषयीचा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग असू नयेत. नियम चांगला आहे. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंकसारख्या संस्थांनी बाजारातले डबे विकत घेऊन, तपासून, वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. परंतु नियमाचे नाव नीट वाचा. तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. पुलाला, डब्याला, यंत्राला, खांबाला लावायचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. म्हणजे मुलाच्या खोलीतला रंग सुधारला आणि बापाच्या हातातला रंग सुटला. १९२१ च्या करारातली पळवाट आठवते का? तीच पुन्हा आली आहे. आणि तो बाप संध्याकाळी त्याच मुलाच्या खोलीत येतो.

शिवाय नियमाने जुना रंग भिंतीवरून उतरत नाही. आपल्या जुन्या क्वार्टरांच्या दारा-खिडक्यांवर रंगाचे पाच-सहा थर आहेत. पोपडे पडतात. चौकट उघडताना-मिटताना घासते आणि बारीक भुकटी खाली पडते. दिवाळीच्या आधी रंगारी कोरडा पॉलिश पेपर मारतो, तेव्हा सगळे घर त्या धुळीने भरते आणि मूल त्यातच खेळत असते.

दुसरी जागा बॅटरी. आज दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद इथे इन्व्हर्टर घरोघर आहेत. ई-रिक्षा गल्लोगल्ली आहेत आणि त्यातल्या बहुतेकींत शिशाच्या चार-चार बॅटऱ्या असतात. त्या लवकर संपतात. मग त्या कुठे जातात? जुनी बॅटरी अधिकृत ठिकाणीच गेली पाहिजे असा नियम २००१ पासून आहे आणि २०२२ पासून त्याची जागा नव्या, अधिक कडक नियमांनी घेतली आहे. तरी कबाड्याकडून बॅटरी आडवाटेच्या भट्टीवर जाण्याचे थांबलेले नाही. तिथे ती कुऱ्हाडीने फोडतात, तेजाब मातीत ओततात आणि उघड्यावर शिसे वितळवतात. आमच्या भुसावळच्या पोरांच्या डब्याच्या झाकणाचाच हा मोठा अवतार.

याचे टोक काय असते ते आफ्रिकेतल्या सेनेगल देशाने पाहिले. डाकार शहराजवळच्या थियारोय वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतले शिसे काढण्याचा धंदा चाले. २००७ च्या नोव्हेंबरपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथली १८ मुले दगावली. मुले भट्टीवर कामाला नव्हती. आया जवळपासच्या मातीतून शिसे चाळत होत्या आणि मुले पाठीला बांधलेली होती.

तिसरी जागा आपल्या शेजारचीच. सीलमपूर, मुस्तफाबाद, मांडोली आणि गाझियाबादकडचे लोनी येथे देशभरातले जुने संगणक आणि दूरदर्शन संच फोडले जातात. सोल्डर उतरवण्यासाठी पाट्या चुलीवर भाजतात. टॉक्सिक्स लिंकने २०१४ मध्ये लोनी व मांडोली येथील मातीच्या आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल काढला, त्यात शिशासारखे जड धातू प्रमाणाबाहेर आढळले. हे काम करणारी कुटुंबे आपल्या कुठल्याही संघटनेची सभासद नाहीत. त्यांना महागाई भत्ता नाही, दवाखाना नाही. पण त्यांची मुलेही मुलेच आहेत आणि आपल्या खात्यांनी लिलावात काढलेला माल शेवटी कोणाच्या चुलीवर जातो, हे विचारणे आपले काम आहे.

चौथी जागा स्वयंपाकघर. बांगलादेशात हळकुंडांना पिवळी झळाळी यावी म्हणून शिशाचा क्रोमेट चोळत असत. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने छापे घातले, दंड केला, गावोगाव माहिती दिली आणि २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते आढळले नाही. दोन वर्षांत! मनात आणले तर होते, हे आपल्या शेजाऱ्याने दाखवून दिले आहे.

घरी काय करावे?

भगिनींनो, थोडक्यात सांगतो. कामावरचे कपडे आणि बूट घराच्या आत आणू देऊ नका. ते वेगळे ठेवा, वेगळे धुवा. बापाने हात-तोंड धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. घर कोरडे झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. पोपडे पडलेल्या खिडकीखाली मुलाचे अंथरूण घालू नका. जुना रंग खरवडायचा असेल तर आधी पाण्याने भिजवा आणि मुलांना तेवढे दोन दिवस दुसऱ्या घरी पाठवा. फार पिवळीधमक, चकाकणारी हळकुंडे घेऊ नका. बाजारातला सुरमा मुलाच्या डोळ्यात घालू नका. जुनी बॅटरी घरात फोडू नका आणि शिसे चुलीवर वितळवू नका. नाचणी, दूध, डाळी, पालेभाज्या आणि वर लिंबाची फोड असे मुलाचे जेवण असू द्या. पोटात लोह आणि कॅल्शियम असले की शिशाला जागा कमी मिळते.

संघटनेने काय करावे?

आता आपल्या खऱ्या कामाकडे येतो. आपल्या देशात शिसे-विषबाधा हा कामगाराचा व्यावसायिक रोग आहे, हे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून मान्य आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिशाचे होते आणि २०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेच्या यादीतही ते आहे. म्हणजे शंभर वर्षे कायद्याला कामगाराचे शिसे माहीत आहे. परंतु ते कामगाराच्या कपड्यावर बसून घरी जाते, तिथे ज्या मुलाला लागते, त्या मुलासाठी कोणत्याही रजिस्टरमध्ये रकाना नाही. तो रकाना आपल्याला उघडून घ्यायचा आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या मागण्यांच्या सनदेत पाच कलमे घालावीत, अशी माझी विनंती आहे.

पहिले, बॅटरी, रंग, सोल्डरिंग आणि जुना रंग खरवडणे या कामांवरील प्रत्येक कामगाराची, कायम असो वा कंत्राटी, दरवर्षी रक्तातील शिशाची तपासणी व्हावी आणि अहवाल त्याच्या हाती लेखी मिळावा.

दुसरे, त्या कामगारांच्या सहा वर्षांखालील मुलांची तीच तपासणी खात्याच्या दवाखान्यात विनामूल्य व्हावी.

तिसरे, कामाच्या जागी कपडे बदलण्याची खोली, न्हाणीघर, साबण आणि कपडे धुण्याची सोय असावी. अमेरिकेत १९७८ च्या शिशाविषयीच्या नियमाने कामगारांना हे मिळाले. शिवाय रक्तात शिसे चढलेल्या कामगाराला त्या कामावरून हलवताना १८ महिन्यांपर्यंत त्याचा पगार आणि ज्येष्ठता कायम ठेवण्याचे बंधन मालकावर आले. ही अट महत्त्वाची आहे. पगार जाईल या भीतीने आपला माणूस तपासणीच करून घेत नाही.

चौथे, खात्याच्या प्रत्येक रंगखरेदीत, मग तो रंग पुलाचा असो की लाल टपालपेटीचा, शिशाची मर्यादा घरगुती रंगाइतकीच असावी. जुन्या क्वार्टरांचा रंग ओल्या पद्धतीने काढावा.

पाचवे, खात्याच्या निकामी बॅटऱ्या आणि यंत्रे अधिकृत ठिकाणीच गेली याचा हिशेब संघटनेच्या प्रतिनिधीला दाखवावा.

कोणी म्हणेल की आजवर पगाराच्या मागण्याच पुऱ्या होत नाहीत, त्यात हे कशाला? मी असे विचारतो की आपण पगार कोणासाठी मागतो? मुलाच्या शिक्षणासाठी. शिकवणीला पैसे भरायचे आणि जे डोके शिकणार त्यात रोज संध्याकाळी आपल्याच हाताने शिसे नेऊन घालायचे, हा कुठला हिशेब? आणि यातली पहिली पायरी फार खर्चाची नाही. येत्या द्वारसभेत एकाने उभे राहून एवढेच विचारायचे की आमच्यापैकी किती जणांचे रक्त आजवर तपासले गेले? उत्तर मिळाले नाही तर तेच लेखी विचारायचे.

माझा धाकटा आता मोठा आहे, कष्टाने पोट भरतो, मला सांभाळतो. मागच्या वर्षी त्याला मुलगी झाली. ती रांगू लागली आहे. त्याचे काम इन्व्हर्टरच्या दुकानात आहे. तो दुकानातून आला की मी दारातच उभा असतो, हातात साबण घेऊन. तो हसतो आणि म्हणतो, बाबा, आता तुम्हीच माझे इन्स्पेक्टर झालात. मी त्याला म्हणतो, उशिरा झालो रे, पण झालो.

आपल्यापैकी ज्यांची मुले अजून लहान आहेत, त्यांना उशीर झालेला नाही. त्यांनी उद्यापासून सुरुवात करावी आणि शाखेने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढे सांगून मी माझे भाषण संपवतो.